थोरलीची दोरी

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. सकाळी सव्वासहा. चिंचवड.

शंकरराव,

तुमचा तेरावा काल मोशीत झाला. मी आलो होतो. आम्हा बौद्धांकडे तेरावा नसतो, पुण्यानुमोदन असते. त्यामुळे कुठे उभे राहायचे आणि केव्हा बसायचे हे मला ठाऊक नव्हते. शेडच्या दाराशी खुर्ची ओढून बसलो. तिथून सगळे दिसत होते आणि मी कुणाच्या पायांत येत नव्हतो. आमटी तिखट होती. तुम्ही असता तर आणखी मागितली असती.

तुम्ही कसे गेलात, कोणत्या दवाखान्यात, किती वाजता, हे मी लिहिणार नाही. ते तुमच्या घरच्यांना पाठ आहे आणि तुम्हाला त्याचा आता उपयोग नाही. मला जे सांगायचे आहे ते थोरलीबद्दल आहे. ते आजच सांगायला हवे, कारण अकरा वाजता तिला न्यायला माणूस येणार आहे.

काल पंगत उठल्यावर संतोष माझ्याजवळ येऊन बसला. तुमचा मुलगा वाईट नाही. बोलण्यापूर्वी त्याने फोन खिशात ठेवला, हे मी पाहिले.

"काका, रस्त्याकडच्या तुकड्याचं डील झालंय. अण्णांनीच ठरवलं होतं, तुम्हाला माहितीच आहे. शेड जाणार."

"केव्हा?"

"महिनाअखेर. मग त्या मशिनींचं बघावं लागेल. ताथवड्याला एक मोठं हॉटेल होतंय, त्यांना भिंतीवर लावायला जुन्या वस्तू पाहिजेत. त्यांचा माणूस फोटो काढून गेला. छान डिस्प्ले होईल. खाली अण्णांचं नावपण लावतील."

"भिंतीवर कशा लावणार?"

"बोल्ट मारून, अजून कशा?"

बोल्ट कुठून मारणार, हे त्याला ठाऊक नव्हते. मला ठाऊक आहे. इंजिनाच्या पोटातून आरपार.  तो माझ्या तोंडाकडे पाहून स्वतःच म्हणाला, "असं करू. चालू आहेत त्या ठेवतो, मागच्या खोलीत रॅक करतो. बंद आहेत त्या देऊन टाकू. बंद मशीन घरात काय आणि हॉटेलात काय, फरक काय पडतो?"

तो वाजवी बोलला. 

हे कुणी तिऱ्हाईत वाचील, तर त्याच्यासाठी थोडे सांगतो. शंकरराव जुन्या चेनसॉ जमवीत; म्हणजे लाकूड कापायच्या, पेट्रोलवर चालणाऱ्या, साखळीच्या करवती. वखारींतून, धरणाच्या कामांवरून, लिलावांतून, चिखलीच्या भंगारातून ते त्या उचलून आणीत आणि मग आम्ही दोघे त्या दुरुस्त करीत असू. त्यांतली सर्वांत जड ती थोरली. परदेशी बनावटीची, आमच्या तारुण्याच्या काळातली, एकट्याने उचलण्यापूर्वी कमरेचा विचार करावा लागेल अशी. आली तेव्हा तिच्या पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या होत्या, ठिणगी देणारी कॉइल जळलेली होती आणि झाकण आतून खाल्ले गेले होते. इतके पुरे.

आता पुन्हा तुमच्याशी बोलतो. बाकीच्या बंद करवती आपणच सुट्या भागांसाठी उघडल्या होत्या. त्या भिंतीवर गेल्या तर माझी हरकत नाही. हॉटेलवाल्याला मात्र नेमकी थोरली हवी आहे, कारण ती लांबून दिसते. आणि थोरली अजून एकदाही आपल्या हाताखाली सुरू झालेली नाही. संतोषच्या हिशेबात ती बंद आहे.

ती बंद नाही. तिच्या रिंगा मी बसवल्या, झाकण तुम्ही भोसरीच्या फाउंड्रीतून ओतून आणले, कॉइलसाठी आपण वर्षानुवर्षे वाट पाहिली आणि ती दिवाळीच्या तोंडावर गुजरातेतून आली, जिथे जहाजे तोडतात तिथल्या बाजारातून. दिवाळी झाल्यावर मी थोरली पूर्ण जोडली. रविवारी तुम्ही इंजिन सुरू करायची दोरी ओढायची, असे ठरले. शनिवारी तुम्ही गेलात.

माझी अडचण तुमच्या ध्यानात आली असेल. ज्याने जोडली त्याने दोरी ओढायची नाही, हा आपला नियम. तो मी आपल्या कंपनीच्या टूलरूममधून आणला होता. तिथे जो बनवतो तो तपासत नाही, कारण स्वतःच्या कामाला माणूस सवलत देतो. दोरी जड लागली तर म्हणतो, नवी आहे. इंजिनाने उचल घेतली नाही तर म्हणतो, हवेत गारवा आहे. तुम्ही प्रथम ह्या नियमाला हसलात, पण नंतर माझ्यापेक्षा कडक पाळलात. मी जोडलेली कुठलीही करवत मी आजवर सुरू केलेली नाही. तुम्ही जोडलेल्या सगळ्या मी सुरू केल्या, किंवा परत उघडायला लावल्या.

संतोषच्या हाती दोरी देता येत नाही. थोरलीला दोरी ओढताना इंजिनातला दाब सोडायची सोय नाही. उलटा झटका बसला तर अंगठा जातो. शिवाय आपल्याकडे दोरी ओढणे म्हणजे निकाल देणे. तो निकाल द्यायला समोरच्याला काम कळावे लागते.

नियम पाळला तर थोरली सुरू होणार नाही. सुरू झाली नाही तर तिला भोके पडतील. मोडला, तर तुम्ही नसताना मोडला असे होईल, आणि ते मला जमणार नाही. पहाटेपासून हाच विचार करतो आहे. विचार पुढे सरकत नाही म्हणून लिहायला बसलो.

आपली ओळख नकारातून झाली. तुम्ही मेन्टेनन्सला होतात, मी इन्स्पेक्शनला नवा. तुम्ही प्रेस मशिनीचे एक बुश, म्हणजे धातूची कडी, बनवून आणले आणि मापात नाही म्हणून मी ते नापास केले. तुम्ही माझ्या टेबलावर दोन्ही हात टेकून उभे राहिलात.

"साहेब, केसाएवढं तर हाय."

"केस कुणाचा?" मी विचारले.

तुम्ही टोपी काढलीत आणि मान खाली घालून मला टक्कल दाखवलेत. "माझा तर न्हाई. येवढं लिवून घ्या."

पूर्ण डिपार्टमेंट हसले. मी हसलो नाही आणि बुशही पास केले नाही. तुम्ही दुसरे बनवून आणलेत, ते मापात होते, आणि जाता जाता म्हणालात, "इन्स्पेक्टर, तुमच्या घरी भाकरी बी मायक्रोमीटर लावून थापत्यात का वो?" तेव्हापासून तुमच्यासाठी मी इन्स्पेक्टर. माझे आडनाव तुमच्या तोंडून नंतर मी ऐकलेले आठवत नाही.

आपण अखेरपर्यंत एकमेकांना अहो-जाहो केले. लोकांना ते विचित्र वाटे. मला त्यात काही खटकले नाही. आताही तेच चालू ठेवतो.

पहिली करवतही कंपनीतलीच. नव्या शेडसाठी आवारातला मोठा शिरीष पाडायचा होता. ठेकेदाराची करवत अर्ध्या खोडात जाम झाली आणि तो ती तिथेच टाकून गेला. पुढे ती भंगारात निघाली. तुम्ही रीतसर गेटपास काढून ती सायकलला बांधलीत. मी विचारले, तुम्हाला ह्याचे काय करायचे आहे? तुम्ही म्हणालात, "हिच्यामुळं ते झाड चार दिस जास्त जगलं. तिला घरी न्यायला नको का?"

 रविवारी मी मोशीला आलो. वहिनींनी चहा दिला. करवत उघडून आपण तिच्याकडे संध्याकाळपर्यंत पाहत बसलो. दोघांनाही त्यातले काही कळत नव्हते, आणि ते कबूल करायला दोघेही तयार नव्हतो.

उभ्या झाडाला तुम्ही कधी करवत लावली नाही. वाऱ्याने पडलेले, रस्तारुंदीत आधीच तोडलेले, तेवढेच. त्यावरून गावात तुमची चेष्टा होई. पारावर कुणीतरी म्हणाले होते, झाडं कापायच्या मशिनी गोळा करतोस अन् झाड कापत न्हाईस, मग घेतोस कशाला? तुम्ही त्याला म्हणालात, "तुझ्या आज्याची तलवार घरात हाय न्हवं? किती मुंडकी उडवलीस?" त्या दिवशी मी हसलो. तुम्ही ते पाहिलेत आणि पुढे बरीच वर्षे ती तारीख मला सुनावलीत.

आपला खरा वाद पॉइंटच्या फटीचा. ठिणगी पाडण्यासाठी ज्या दोन टिकल्या उघडतात आणि मिटतात, त्यांच्यामधली ती बारीक फट. मी ती पट्टी-गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पोलादी पट्टीने लावतो. पंधरा थाऊ, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाचे पंधरा. तुम्ही ती संतोषच्या लग्नपत्रिकेच्या तुकड्याने लावीत असा. पत्रिका जाड होती. मी तिचे माप घेतले, अठरा भरले. मधला फरक तीन थाऊ, म्हणजे साधारण एक केस. इतक्या वर्षांत आपण तिथून हललो नाही.

मी म्हणे, अठरावर झटका उलटा बसतो आणि इंजिन मंद चालीत अडखळते. तुम्ही म्हणायचात, "मंद चालवायला काय पालखी हाय का? लाकडात घातल्यावर बघा." मी पुस्तकातला आकडा दाखवी. तुम्ही कान दाखवायचात.

धाकटीच्या वेळी ह्या वादाने कळस गाठला. एक पावसाळाभर ती छोटी करवत एका आठवड्याला नीट चाले, दुसऱ्या आठवड्याला दोरी हिसडे. आपण तिची कॉइल बदलली, कार्बोरेटर बदलला, पेट्रोलला दोष दिला. शेवटी वहिनी एकदा ओसरीवर ज्वारी निवडताना म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? तुम्ही गेलात की हे जाऊन तिचं झाकण उघडत्यात. अन् हे शेतात गेले की तुम्ही येऊन तेच उघडताय. तुमच्यातलं खरं कोण करतंय?"

आपण दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही. मी पंधरा करून जात होतो, तुम्ही अठरा करीत होता. दोन चांगल्या कॉइल आपण त्या पायी भंगारात घातल्या. त्यानंतर नवा नियम झाला: एका करवतीला एकच हात. दुसऱ्याने फक्त दोरी.

आणखी एक गोष्ट आहे. ती मी तुमच्याजवळ कधी काढली नाही.

माझी पत्नी गेली तेव्हा लोक येत होते, बसत होते, जात होते. तुम्ही पहिल्या दिवशी खांदा दिलात आणि मग काही दिवस दिसला नाहीत. मला ते लागले होते. मग एका दुपारी आलात. पायऱ्या चढून धाप लागली होती. पंच्यात बांधलेला एक कार्बोरेटर माझ्यासमोर ठेवलात आणि म्हणालात, "जरा बघता का? मला काय जमंना." घरात बसलेल्या माणसांना ते आवडले नाही. माझ्या मेहुण्याने तुमच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मला आठवते.

मी तो उघडला. आतला पडदा उलटा बसवलेला होता. तुम्ही तो झोपेतही उलटा बसवला नसता. मी तो सुलटा केला, जेट साफ केले, स्क्रू आवळले. तासभर तरी गेला असेल. त्या आठवड्यात मी सलग एवढा वेळ दुसरे काही केले नव्हते. तुम्ही समोर बसून होतात. "झालं?" इतकेच विचारलेत. मी "झालं" म्हटले. तुम्ही तो परत पंच्यात बांधून निघून गेलात.

पडदा तुम्हीच उलटा केलात, हे मला त्याच क्षणी कळले होते. मला कळले, हे तुम्हालाही कळले असणार. त्यावर बोलायला पुढे कितीतरी रविवार होते. बोललो नाही. आता लिहितो: तुमचे उपकार आहेत.

साडेआठ वाजले. बस धरली पाहिजे.

*

पुढचे मोशीत लिहितो, शेडमध्ये, तुमच्या बाकावर बसून. दुपार झाली आहे.

मी पोहोचलो तेव्हा संतोष आणि हॉटेलचा माणूस आधीच आत होते. तो माणूस अकराऐवजी साडेनऊलाच आला होता. वयाने लहान, नम्र, हातात टेप. थोरलीची लांबी मोजत होता.

"सर, हा पीस आपण सेंटरला घेतोय," तो मला म्हणाला. "फक्त तेल गळायला नको, खाली टेबलं आहेत. त्यामुळे इंजिन आतून रिकामं करून घेऊ. वजनपण कमी होईल."

मी संतोषकडे पाहिले. तो जमिनीकडे पाहत होता.

"तू काल काय म्हणाला होतास?"

"चालू असेल ती ठेवायची. पण काका, ही..."

"अकरा वाजलेले नाहीत," मी म्हटले आणि पिशवीतून हत्यारे काढली.

वहिनी ओसरीवरून उठून आल्या होत्या. "चहा टाकते, भाऊजी."

"आता नको."

"हे असताना कधी नको म्हनला न्हाई." त्या दारातच खाली बसल्या. "काय चाललंय तुमचं?"

मी त्यांना अडचण सांगितली. नियम त्यांना ठाऊक आहे. ओसरीवर बसून त्यांनी आपले सगळेच ऐकलेले आहे. त्या म्हणाल्या, "मग वढा की तुम्हीच! नियम काय सरकारनं काढलाय?"

मी कामाला लागलो. प्लग काढून पाहिला, कोरडा होता. टाकीत पेट्रोल-तेलाचे नवे मिश्रण भरले. साखळीला तेल दिले. हे सगळे करताना माझ्याजवळ अजून उत्तर नव्हते, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. हात चालू होते म्हणून उभा होतो.

शेवटी सवयीने झाकण काढून फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाच्या, खिडकीतून पॉइंट तपासायला घेतले. पंधराची पट्टी घातली. ती सैल गेली. मला वाटले, आकडा चुकीचा वाचला. चष्मा पुसून पुन्हा घातली. सैल. सोळाचीही सैल. अठराची बरोबर बसली.

अठरावर पॉइंट लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आहे.

मला राग आला. दोन आठवड्यांत पहिल्यांदा काही आले ते हे. मी लावलेली फट, एका करवतीला एक हात हा ठराव, आणि तुम्ही माझ्या माघारी जाऊन पुन्हा तेच केलेत, तेही थोरलीला.

"काय झालं?" वहिनींनी विचारले.

"शंकररावांनी हिला हात लावलाय."

"लावणारच की. शुक्रवारी सांजच्याला बॅटरी घेऊन आलेले हितं. मी म्हनलं, अंधारात काय करताय, जेवून घ्या. तर म्हनले, रविवारी इन्स्पेक्टर यायच्या आत करून ठिवतो. त्यास्नी कळायचं न्हाई."

"कळलं."

"मग त्येंच्यावर आता काय केस टाकताय का?"

हॉटेलचा माणूस हसला.

माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. एक स्क्रू, पाव फेरा, की पुन्हा पंधरा. मी तो स्क्रूच्या खाचेत ठेवलाही. आणि तेव्हा ध्यानात आले की थोरलीवरचा शेवटचा हात माझा नाही. शुक्रवारी तुम्ही ती उघडलीत, तुमच्या मापाने लावलीत आणि बंद केलीत. नियमाप्रमाणे ती तुम्ही जोडलेली करवत आहे. मी ती दुरुस्त केली तर पुन्हा माझी होते, आणि मग तिची दोरी ओढायला जगात कुणी उरत नाही. जशी आहे तशी ठेवली तर दोरी माझ्याकडे येते.

मी स्क्रूड्रायव्हर पिशवीत ठेवला. चुकीची फट जाणूनबुजून तशीच सोडण्याची माझी ही पहिलीच वेळ. झाकण लावले.

"संतोष, बाभळीचं ते खोड लाकडी घोड्यावर घे." रस्त्याच्या कामात पडलेले ते खोड तुम्ही थोरलीसाठी पावसाळ्यापासून झाकून ठेवले होते. तो आणि हॉटेलचा माणूस, दोघांनी मिळून ते उचलले.

मी थोरली जमिनीवर घेतली, मागच्या मुठीत बूट रोवला आणि दोरी ओढली. उलटा झटका बसला. मनगटापासून खांद्यापर्यंत. मी बरोबर होतो.

"काका, राहू दे ना," संतोष म्हणाला. "मी ओढतो."

"तू मागे हो."

पुन्हा ओढली. काही नाही. पुन्हा ओढली; ती खोकली, निळा धूर सोडला आणि गप्प झाली. चोक आत ढकलला. दम घेतला. ह्यावेळी दोरी हातातून सुटली तोवर ती चालू झाली होती.

आवाज तुम्ही ऐकलेला नाही, म्हणून सांगतो. इतर करवतींसारखा चिरका नाही. जाड आहे. पत्रे वाजत होते. समोरच्या इमारतीच्या गॅलरीत माणसे आली. मंद चालीत ती अडखळत होती, दोनदा मरता मरता राहिली. त्याची नोंद घ्यावी. मग मी तिला उचलून बाभळीवर ठेवले आणि ती स्वतःच्या वजनाने खाली गेली. मला दाबावे लागले नाही. भुसा बुटांवर उडत होता, लाल आणि ओला. लाकडात ती एकदाही अडखळली नाही. त्याचीही नोंद घेतली आहे.

चकती खाली पडली. मी चाल कमी केली आणि वहिनींकडे पाहून हाताने विचारले, बंद करू?

त्यांनी मान हलवली. जवळ आल्या, पदर तोंडावर धरलेला होता, आणि माझ्या कानाशी ओरडून म्हणाल्या, "राहू द्या वाईच."

मी राहू दिली. थोरली जमिनीवर ठेवून गती हाताने सांभाळत बसलो, कारण सोडली असती तर तुमच्या अठराने ती बंद पडली असती. वहिनी उभ्या होत्या. संतोष त्यांच्याशेजारी येऊन उभा राहिला. त्याने फोन काढला नाही. टाकीतले बरेचसे पेट्रोल गेले.

बंद केल्यावर कानांत काही वेळ तसेच घुमत होते. वहिनी पहिल्यांदा बोलल्या. "येवढ्यासाठी जलमभर घासत बसला व्हय दोघं."

"हो," मी म्हटले.

हॉटेलच्या माणसाने टेप गुंडाळून घेतला होता. तो संतोषला हळूच म्हणाला, "सर, हा पीस वर्किंगमध्ये ठेवून वॉलवर नाही का घेता येणार?"

"नाही," संतोष म्हणाला. "बाकीच्या त्या कोपऱ्यातल्या घ्या. ही घरात राहणार."

"पण सेंटरला..."

"राव, ऐकलं ना आत्ता? चालू आहे ती."

तो माणूस कोपऱ्यातल्या करवती घेऊन गेला. जाताना मला नमस्कार केला. चांगला मुलगा आहे. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही.

संतोषने मला विचारले, मागच्या खोलीत रॅक किती उंच करू. मी म्हटले, कमरेइतका. थोरली आता कुणी वर उचलणार नाही. त्यावर तो म्हणाला, "तुम्ही रविवारी येणार ना पण?" मी येईन असे सांगितले. तुमच्यानंतर इथे काय करायचे, ते मला ठाऊक नाही. पण वहिनींनी मग चहा आणला आणि तो मी घेतला.

आता वादाचे. झटका उलटा बसला, मंद चालीत अडखळली: हे माझ्या बाजूने. लाकडात गेली तशी मी कुठलीही करवत जाताना पाहिलेली नाही: हे तुमच्या बाजूने. पंधरावर ती कशी गेली असती, हे पाहायचे तर फट बदलावी लागेल, आणि मग तुमचे काम पुसले जाईल. म्हणून हा मुद्दा मी असाच सोडतो. अठरा आहे, अठराच राहील. मान्य केले असे समजू नका.

मनगट सुजले आहे. लिहिताना दुखते, तेव्हा आटोपते घेतो.

शेडमध्ये आता कुणी नाही. टाकीत राहिलेले पेट्रोल काढून घेतले. कार्बोरेटर कोरडा केला. भुसा ब्रशने झाडला, झाकण पुसले. बाभळीची चकती वहिनींनी आत नेली, ती कशाला हे विचारले नाही. कापल्यावर साखळी तापून लांबते आणि गार होताना आखडते. तशीच ताणलेली राहिली तर रात्रीतून इंजिनाचा दांडा ओढते. हे काम नेहमी तुम्ही करायचात. थोरली निवल्याची हाताने खात्री केली, तुमचा पाना घेतला आणि साखळी सैल केली.